कावेरीअक्कांचा जुडगा

मंगळवार पेठेत मी चाव्या करतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण चावी म्हणजे काय हे फारसं कुणाला माहीत नाही. यात लोकांची चूक नाही. चावी खिशात असते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि हरवली की बघायला ती नसते. या अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते लेख मागायला नव्हे, कपाटाची चावी कुलपातच मोडून बसली म्हणून. तुकडा काढेपर्यंत त्यांना बसावं लागलं, ते बसले म्हणून मी बोलत राहिलो, आणि बोललो म्हणून त्यांनी लिहायला लावलं. तेव्हा वाचताना कंटाळा आला तर दोष त्या कपाटाचा.

गिऱ्हाइकं एक प्रश्न हमखास विचारतात. आधी मागेपुढे बघतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "मिस्त्री, सगळ्या कुलपांना लागंल अशी एक चावी असती काय हो?" मास्तर विचारतात, वकील विचारतात, देवळातले गुरवही विचारून गेलेत. मी सांगतो, "असती की. हातोडी म्हणत्यात तिला."

खरं उत्तर जरा लांबचं आहे. चावी कुलपात जाते त्या फटीला मी वाट म्हणतो. कुलूप डोळ्यासमोर धरून बघा, ही वाट सरळ नसते, नागमोडी असते. प्रत्येक कंपनी आपली वाट वेगळ्या वळणाची काढते, म्हणजे गिऱ्हाइकाने कोरी चावीसुद्धा तिच्याकडचीच घ्यावी. चावीच्या अंगावर लांबीच्या बाजूने पन्हळी असतात, त्या या वळणांसाठी. पन्हळ जुळली की चावी आत जाते. पण आत गेली म्हणजे फिरली असं नाही. आत स्प्रिंगांवर बारीक पितळी पिना बसलेल्या असतात, कुणी उंच, कुणी बुटकी. चावीच्या धारेवरचे दाते त्यांना उचलून एका रेषेत आणतात, तेव्हा कुठं कुलूप फिरतं. सोयरिकीसारखंच आहे. आधी घरात शिरकाव व्हावा लागतो, मग माणसं जुळावी लागतात. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं अशी कुलपं मी पुष्कळ पाहिली आहेत.

कुलूप म्हातारं झालं की मात्र ते कुणाचंही ऐकतं. पिना झिजतात, वाट ढिली होते. एकदा एक बँकेतले साहेब दुकानासमोर मोपेड लावून चावीची जोडचावी करायला आले. मी मशीन सुरू करतोय तोवर रस्त्यावरून एक भडंगवाला ओरडत आला, "ओ पावणं, ही गाडी माझी हाय." साहेबांनी शांतपणे आपली चावी गाडीला लावून फिरवून दाखवली. भडंगवाल्याने खिशातून स्वतःची काढली आणि तीही फिरवून दाखवली. मग नंबर बघितला तेव्हा साहेब खाली बसले. मिसळीच्या हॉटेलासमोरून दोघं एकमेकांची गाडी घेऊन गेले होते आणि कितीतरी दिवस फिरत होते. डिकीत सापडलेल्या भडंगाच्या पुड्या साहेबांनी सासुरवाडीहून आल्यात असं समजून बँकेत वाटूनही टाकल्या होत्या. भडंगवाला म्हणाला, "तरीच म्हटलं गाडी एवडी गप कशी झाली. आमची बोंबलती."

पण मला खरं सांगायचं आहे ते कावेरीअक्कांचं.

एका सकाळी मल्लाप्पा नावाचा गृहस्थ दुकानात आला. शिरोळकडे त्यांचं पेंड आणि पशुखाद्याचं मोठं दुकान, मागे गोदामं, वर घर. वडील लवकर गेले आणि हा सगळा पसारा त्याच्या आईने, म्हणजे कावेरीअक्कांनी, वाढवला. पसारा सगळा कुलपात आणि चाव्यांचा जुडगा अक्कांच्या कमरेला. त्यांनी गोदाम उघडल्याशिवाय हमाल पोत्याला हात लावत नाहीत आणि कोठीची खोली उघडल्याशिवाय सुनांना चहात साखर मिळत नाही.

"अव्वाची नजर गेलीया, मिस्त्री," मल्लाप्पा म्हणाला. "साखरेनं गेली. डाक्टर म्हणतोय आता माघारी येत न्हाय. बोटास्नीबी कळंना झालंय. रोज सकाळी गोदामाम्होरं हुभी ऱ्हाऊन एकेक चावी घालून बघतीया. हमाल बिड्या वढत बसत्यात, दारात ट्रॅक्टरची रांग. कोण काय बोललं तर जुडगा उगारतीया."

आमच्याकडे ऊस शेतातही पिकतो आणि रक्तातही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी म्हटलं, "मग तुमी उघडा की."

"चाव्या तिच्या कमरंला हायत," तो म्हणाला, आणि याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. त्याचं काम असं होतं: सगळ्या कुलपांना एकच चावी लागली पाहिजे, ती त्याच्या खिशात राहील आणि आईचा जुडगा काढून घ्यायचा. हे शेवटचं वाक्य त्याने दुकानाबाहेर एकदा डोकावून, मग म्हटलं. आई शिरोळला होती तरी.

अडचण अशी की घरात भाऊ तीन आणि कुलपांच्या बाबतीत तिघांचे पक्ष तीन. थोरला एका कंपनीचं कुलूप आणतो, मधला दुसरीचं, धाकट्याला जाहिरातीत दिसेल ते लागतं. सगळ्यांच्या वाटा वेगळ्या. असल्या वेळी मी सगळ्यात सडपातळ कोरी चावी निवडतो आणि कानशीने तिच्या दोन्ही अंगांना आणखी रोड करतो, इतकी की ती कुठल्याही वळणातून अंग चोरून जावी. फार घासली तर फिरवताना मोडते, कमी घासली तर अडकते. मधली जागा हाताला कळावी लागते. मग प्रत्येक कुलूप खोलायचं, जुन्या पिना काढायच्या आणि त्या एका चावीच्या दात्यांना जुळतील अशा नव्या भरायच्या. म्हणजे चावी कुलपाजोगी न करता कुलपं चावीजोगी करायची.

पहिली चाचणी मी माझ्याच दुकानाच्या कुलपावर घेतली. त्याच्या पिना नव्याने भरल्या, रोड चावी घातली आणि ती लोण्यासारखी फिरली. तेच दाते मी मल्लाप्पाच्या कामाला धरायचे ठरवले आणि पेटी घेऊन शिरोळची गाडी पकडली.

अक्का गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. जाड चष्मा, कपाळाला विभूती, कमरेला जुडगा. जुडगा म्हणजे काय सांगू, बैलाच्या गळ्यात बांधला तर बैल मान खाली घालील.

"कोण आलंय?" अक्का म्हणाल्या.

"मिस्त्री हायत, अव्वा. कुलपास्नी तेलपाणी करायला."

"का? आपल्या घरात त्याल न्हाय व्हय?"

मल्लाप्पा काम आठवल्यासारखा आत गेला. अक्कांनी मला जवळ बोलावलं. एकेका कुलपाची चावी त्या स्वतः काढून देणार होत्या, जुडगा माझ्या हातात मिळणार नव्हता. गोदामाच्या कुलपाला त्यांनी एक चावी दिली, ती लागली नाही. दुसरी दिली, तीही नाही. प्रत्येक चावीला ओळखीसाठी काहीतरी बांधलेलं होतं, कुठं लाल दोरा, कुठं मणी, कुठं पितळी कडी. डोळे होते तेव्हा ते उपयोगी पडत असणार. तिसरीही चुकली तेव्हा हमालांपैकी कुणी खोकला, आणि जिन्यात उभी असलेली धाकटी सून गिरिजा खुदकन हसली. बाकीच्या दोघी सुना पटकन आत गेल्या.

अक्कांनी माझ्यापुढे एक चावी धरली आणि हळू आवाजात विचारलं, "ही कुटली?"

"ही कोठीच्या खोलीची दिसतीया, अक्का."

"मला म्हाईत हाय. तू वळखतोस का ते बघितलं."

दिवसभर मी कुलपं खोलत होतो आणि त्या खुर्ची सरकवत माझ्या मागे येत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मिस्त्री, मल्लूनं तुला तेल घालायला आणला न्हाय. जुडगा जाणार माझा." मी चिमट्याने पिना उचलत राहिलो. "जुडगा हाय तवर मी मालकीण. जुडगा गेला की देवाऱ्याम्होरची म्हातारी. अव्वा, जेवा. अव्वा, निजा. अव्वा, उनात बसू नका." शेवटचं त्यांनी सुनांच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि ते इतकं हुबेहूब होतं की मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मला फार वाईट वाटलं. मल्लाप्पाचंही खोटं नव्हतं, ट्रॅक्टर खरोखर दारात उभे होते. पण या बाईच्या कमरेचा जुडगा सोडवायला आपण पेटी घेऊन आलो आहोत ही गोष्ट मला काही केल्या रुचेना. मल्लाप्पाची एक चावी करून झाल्यावर मी कानस खाली ठेवली नाही. तसल्याच आणखी घासत बसलो. जुडग्यात जितक्या चाव्या होत्या तितक्या केल्या, सगळ्या त्याच दात्यांच्या, सगळ्या सारख्या रोड. लाल दोरा होता तिथं लाल दोरा बांधला, मणी होता तिथं मणी, कडी होती तिथं कडी. अक्का एकेक चावी काढून देत, परत जाताना तिच्या जागी नवी जायची; जुन्या चाव्या आणि पिना मी पेटीत ठेवल्या. तिजोरीची तेवढी लांब नळीची चावी होती तशी ठेवली. तिजोरीला मी हात लावत नाही आणि ती अक्कांना हातात घेताच कळायची. आता अक्कांनी कुठलीही चावी काढावी, ती बरोबरच निघणार होती.

मल्लाप्पाला बाजूला घेऊन मी सांगितलं. तो म्हणाला, "पर जुडगा काढून घ्यायचा हुता की."

"घ्या की. मी हितं हुभा हाय. घ्या काढून."

त्याने आईकडे बघितलं. आई जुडगा कमरेला अडकवत होती. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खिशात एक हाय की माज्या."

दुपारी बंद झालेलं गोदाम चारच्या सुमारास उघडायचं होतं. अक्का उठल्या. हमालांनी सवयीने बिड्या काढल्या. अक्कांनी एक चावी हातात घेतली, अंगठा फिरवला, बाजूला सारली. दुसरी घेतली, तीही सारली. तिसरी घातली आणि कुलूप खट् करून उघडलं. एका हमालाच्या हातात पेटलेली काडी तशीच राहिली. अक्का मागे न बघता म्हणाल्या, "बिड्या पेंडीजवळ वढू नका म्हणून किती येळा सांगायचं?" मी गाडीत बसलो तो छाती फुगवून. इतकं देखणं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, एवढंच काय ते दुःख.

पुढे मल्लाप्पाचा फोन यायचा. "मिस्त्री, अव्वा आता दोन चाव्या सारून तिसरीनं झटक्यात कुलपं उघडतीया. परवा चाव्या सुनंच्या तोंडाम्होरं नाचवून दावल्या. बायको म्हणती, सासूबाईस्नी दिसाय लागलं काय, डाक्टरकडं न्या." मी म्हणायचो, कुठं नेऊ नका. असं वर्षभर चाललं.

मग एके दिवशी माझीच फजिती झाली. चहाला जायचं म्हणून मी शटर ओढलं, कुलूप अडकवलं आणि दाबलं. हे कुलूप दाबलं की बसतं, चावी लागत नाही. चावी होती आत मशीनवर. हत्यारं आत. घरची जोडचावी बायकोच्या पर्समध्ये आणि बायको पर्स घेऊन माहेरी, पेठ वडगावला.

शेजारी सदाचं सायकलचं दुकान. तो पुढे आला, बघितलं आणि पेठेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आरं, चावीवाला भाईर अडकला." आमच्या पेठेत माणसं गोळा व्हायला एवढं कारण पुष्कळ झालं. एकजण म्हणाला, दुसरा चावीवाला बोलवा. तो मी मेलो तरी बोलावणार नव्हतो. सदाने सायकलची तार दिली. मी तार वाकवून कुलपात घातली आणि खटपट करू लागलो. पण त्या पिना मी स्वतः निवडून भरल्या होत्या. कुलूप जागचं हलेना.

"हातोडी दिऊ?" सदाने विचारलं. "तूच सांगतुयास न्हवं, सगळ्यास्नी लागती म्हणून?"

तेवढ्यात गर्दीमागे एक गाडी थांबली. आतून गिरिजा उतरली आणि तिच्या खांद्याला धरून कावेरीअक्का. "कसली गर्दी हाय? कोण गेलं काय?" अक्का म्हणाल्या. गिरिजाने त्यांच्या कानात सांगितलं. अक्का गर्दीतून सरळ माझ्यापर्यंत आल्या.

"सर बाजूला," त्या म्हणाल्या.

"अक्का, ह्ये दुकानाचं कुलूप हाय."

"मी काय कोठी म्हणालो व्हय?"

त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, हाताने चाचपत कुलूप शोधलं आणि हाताला आली ती चावी घातली. अंगठा फिरवला नाही, एकही चावी बाजूला सारली नाही. कुलूप उघडलं. पेठ गप्प झाली. पेठ गप्प झालेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

तेव्हा मला माझी चाचणी आठवली. तेच दाते मी शिरोळला नेले होते, आणि माझं कुलूप मी नंतर बदललंच नव्हतं. पण हे अक्कांना कसं ठाऊक? आत बसल्यावर मी विचारलं.

"ठावं कुटलं असतंय?" अक्का म्हणाल्या. "माझ्या घरात कुटलीबी चावी कुटल्याबी कुलपाला लागतीया. मग तुझंच कुलूप काय आभाळातनं पडलंय?"

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसत नव्हता हे बरं झालं. "तुमाला कळलं हुतं?"

"त्याच दिवशी. आदी जाड-बारीक येगयेगळ्या वाजायच्या. तू हात लावल्यावर समद्या येकसारख्या वाजाय लागल्या. डोळं गेल्यात माझं, कान न्हाय."

"मग रोज दोन चाव्या बाजूला का सारत हुता?"

"पैल्या चावीनं रोज उघडलं तर मला कळलंय ह्ये मल्लूला वळखू येईल की. येडा हाय, पर तेवडा न्हाय. आनि तू एवडा घाम गाळून दोरं बांधल्यालं. म्हटलं, तुझंबी मन राखावं."

वर्षभर मी समजत होतो की मी त्यांची लाज राखली. मला हसावं की कुठं तोंड लपवावं हे कळेना. मी चहा सांगितला, बिनसाखरेचा.

चहा पिऊन अक्का कामाचं बोलल्या. "समदी कुलपं परत येगळी कर. पैल्यागत. ज्याची त्याला चावी."

"का, अक्का? चाललंय की झकास."

"जुडगा हिला द्यायचाय," त्यांनी गिरिजाच्या गुडघ्यावर थापटलं. गिरिजाला हे तिथंच कळलं असावं, कारण तिच्या हातातला चहा हिंदकळला. "मल्लूला न्हाय. त्यो मागनं काढून घ्याय बघत हुता. हिला का देतोय, म्हाईत हाय? मी त्या दिवशी चुकलो तवा ही माझ्या तोंडावर हसली. बाकीच्या दोगी आत जाऊन हसल्या."

गिरिजा खाली बघत म्हणाली, "अव्वा, चुकून हसलो मी."

"आता तू चूक, म्या हसतो. मिस्त्री, कुटलीबी घातली आनि उघडलं, तर हिला घर काय कळणार? कुटल्या खोलीत काय हाय, कोणचं कुलूप पावसाळ्यात आकसतंय, कुटलं वर उचलून फिरवायचं, ह्ये चुकल्याबिगर येत न्हाय. चार दिस हमाल हसू देत हिला. मला हसलं तसं."

मी पुन्हा पेटी घेऊन शिरोळला गेलो. एकेक कुलूप खोलून माझ्याच चिमट्याने माझ्याच पिना काढल्या आणि जुन्या पिना जिथल्या तिथं भरल्या. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपल्याच हाताने उसवताना बोटं जड झाली, हे खोटं कशाला सांगू. मल्लाप्पा शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या खिशातली चावीही आता कुठं लागणार नव्हती. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे. गिरिजा तरी जुडगा उगारत न्हाय." यावर आतून अक्कांचा आवाज आला, "शिकंल ती."

जुन्या चाव्यांना दोरे, मणी, कड्या परत बांधल्या आणि जुडगा गिरिजाच्या हातात दिला. तिने तो कमरेला अडकवला, तर साडीच खाली ओढली जाऊ लागली. अक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. निघताना रोड चाव्या मी पेटीत भरू लागलो, तर त्यांनी हात पुढे केला.

"त्यातली येक दे. कंबर मोकळी लागतीया."

"अक्का, ती आता तुमच्या घरातलं येकबी कुलूप उघडत न्हाय."

"तुझं उघडती की," अक्का म्हणाल्या, आणि चावी कनवटीला लावली.

आता बायको रोज पाठीमागे लागते की दुकानाचं कुलूप बदला, दुसऱ्याच्या घरी आपली चावी म्हणजे काय. मी म्हणतो, बदलू की, कुलपांचाच तर धंदा आहे. अजून बदललेलं नाही.